वाया गेलेला पाव

आज मी आपल्यापुढें न्याहारीच्या एका पदार्थाविषयीं चार शब्द बोलणार आहें. ज्याचा जन्म मुलांना शिकविण्यांत गेला, त्यानें पाकशास्त्रावर बोलावें हें कित्येकांस चमत्कारिक वाटेल. परंतु सेवानिवृत्तीनंतर रविवारच्या न्याहारीचें काम मीं आपल्याकडे घेतलें, आणि तेथें मला एक धडा मिळाला. पदार्थ अगदीं साधा आहे. तो म्हणजे फ्रेंच टोस्ट.

इराण्याच्या हॉटेलांत बसून ज्यांनीं तो खाल्ला आहे, त्यांस त्याची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. मात्र खुद्द फ्रान्समध्यें त्याचें नांव निराळें आहे. तेथें त्यास ‘पँ पेर्द्यू’ म्हणतात. त्याचा अर्थ ‘हरवलेला पाव’, किंवा आपल्या भाषेंत सांगावयाचें तर ‘वाया गेलेला पाव’. जो पाव शिळा होऊन कडक झाला, ज्याची आशा सोडली, तो दुधांत व अंड्यांत भिजवून, लोण्यांत परतून पुन्हां पानावर आणावयाचा, अशी ही युक्ति आहे.

युक्ति फार जुनी. रोमन पाककृतींचा जो प्राचीन संग्रह आपिकियुस याच्या नांवानें प्रसिद्ध आहे, त्यांत पांढऱ्या पावाची कड काढावी, त्याचे मोठे तुकडे दुधांत भिजवावे, तेलांत तळावे आणि वर मध ओतावा, अशी कृति आहे. तींत अंड्याचा उल्लेख नाहीं. तेव्हां ज्यांच्या घरीं अंडें चालत नाहीं, त्यांनीं ही रोमन रीति खुशाल स्वीकारावी. जर्मन लोक या पदार्थास ‘गरीब सरदार’ म्हणतात. स्पेनमध्यें ईस्टरपूर्वींच्या पवित्र सप्ताहांत आणि पोर्तुगालमध्यें नाताळांत असाच पदार्थ घरोघरीं होतो. नांवें व निमित्तें वेगळीं, पण मूळ भावना एकच: अन्न टाकावयाचें नाहीं. शिळ्या पोळीचा कुस्करा आणि उरलेल्या भाताला फोडणी देणाऱ्या आपल्या माउल्यांस ही भावना कोणी शिकवावी लागली नाहीं.

आतां पाव शिळा होतो म्हणजे काय होतें? तो केवळ वाळतो, अशी आपली समजूत असते. परंतु बूसँगो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें १८५२ सालीं असें दाखविलें कीं, ओलावा बाहेर जाऊं दिला नाहीं तरीही पाव शिळा होतो, आणि पुन्हां तापविला असतां मऊ पडतो. भट्टींत फुललेलें पिष्ट, म्हणजे स्टार्च, थंड झाल्यावर हळूहळू पुन्हां घट्ट बसूं लागतें, हें त्याचें कारण. फ्रिजच्या थंडींत ही क्रिया अधिकच वेगानें होते. म्हणून फ्रिजमधील पावास बुरशी उशिरां येते, पण तो शिळा मात्र लवकर होतो.

हा शिळेपणाच येथें गुण ठरतो. ताजा मऊ पाव दुधांत टाकला कीं त्याचा लगदा होतो. शिळा पाव दूध पोटांत घेतो आणि आपला आकार सोडीत नाहीं. मात्र शिळा निराळा आणि नासका निराळा. बुरशी आलेला पाव सरळ टाकून द्यावा. वरचा डाग खरवडून भागत नाहीं, कारण तिचे तंतु आंत शिरलेले असतात.

कृति ऐकावी. चौघांसाठीं एक दिवसाच्या शिळ्या पावाचे आठ काप घ्यावे. चार अंडीं, २०० मिलिलिटर दूध, दोन चमचे साखर, चिमूटभर मीठ आणि किंचित् वेलदोड्याची पूड एकत्र फेसावी. मिश्रण पसरट थाळींत ओतून प्रत्येक काप दोन्ही बाजूंनीं अर्धा अर्धा मिनिट भिजवावा. तव्यावर चमचाभर लोणी किंवा तूप घालून मंद आंचेवर दर बाजूस सुमारें तीन मिनिटें भाजावा. उलथन्यानें दाबल्यावर पातळ मिश्रण बाहेर आलें नाहीं, म्हणजे आंतूनही शिजला असें समजावें.

मंद आंच कां, तें मला पहिल्याच रविवारीं कळलें. घाईनें मीं जाळ मोठा केला. दोन काप बाहेरून करपले आणि आंत कच्चेच राहिले. वरचा सोनेरी रंग तापलेल्या तव्यावर झटपट येतो. पण आंतील अंडें व दूध गोठण्यास उष्णता पावाच्या पोटापर्यंत पोहोंचावी लागते, आणि तिला वेळ लागतो. पाव वाईट नव्हता. उतावळा मी होतों.

श्रोतेहो, ते काळे पडलेले काप पाहतांना मला एक मुलगा आठवला. शेवटच्या बाकावर बसणारा, गणितांत सदैव मागें. एके दिवशीं उत्तर लवकर येईना म्हणून मीं भर वर्गांत त्यास म्हटलें, “तूं वाया गेलेला आहेस.” तो कांहीं बोलला नाहीं. पुढें थोड्याच दिवसांत त्याची शाळा सुटली. त्याचें काय झालें तें मला आजवर समजलेलें नाहीं. कदाचित् त्याचें चांगलेंही झालें असेल. पण त्यांत माझा कांहीं हात नाहीं. ज्यास चार दिवस अधिक द्यावयास हवे होते, त्यास मीं मोठा जाळ दिला.

म्हणून माझें इतकेंच सांगणें आहे. येत्या शनिवारीं पाव उरला, तर तो फेंकूं नये. रविवारीं घरांतील पुरुषांनीं थोडें लवकर उठावें, गृहिणीस अंमळ निजूं द्यावें, आणि मुलांस जवळ घेऊन मंद आंचेवर हा पदार्थ करावा. त्या वेळीं त्याचें फ्रेंच नांवही त्यांस सांगावें. मात्र पावाखेरीज दुसऱ्या कोणासही तें नांव देऊं नये, हेंही सांगावें.