पाऊस लांबीनें कां मोजतात ?

बीडसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यांत पावसाचा आंकडा म्हणजे खरिपाचें भवितव्य होय. पाणी तर घनफळानें मोजावयाचें. मग पाऊस मिलिमीटरांत, म्हणजे लांबीच्या एककांत, कां सांगतात? पडलेल्या पाण्याच्या घनफळास जमिनीच्या क्षेत्रफळानें भागिलें, कीं उरते ती केवळ खोली. म्हणून पर्जन्यमापकाचें तोंड रुंद असो वा अरुंद, आंकडा तोच येतो.

आतां त्या खोलीस पुन्हां क्षेत्रफळानें गुणावें. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरास एक लिटर, गुंठ्यास सुमारें १०१ आणि चाळीस गुंठ्यांच्या एकरास सुमारें ४,०४७ लिटर पाणी. तेव्हां २५ मिलिमीटरांची एकच सर एकरावर लाखभर लिटर पाणी टाकते. शेततळें केवढें खणावें, हें ठरविण्यापूर्वीं शेतकऱ्यानें एवढा गुणाकार अवश्य करावा.