उन्हाळी भाजीपाला : आधी पाण्याचा हिशेब, मग बियाणे



रब्बीची ज्वारी आणि हरभरा काढणीला आला, की आपलं लक्ष विहिरीकडे जातं. जानेवारी-फेब्रुवारीत विहिरीला पाणी बरं दिसतं. मे महिन्यात लग्नसराई असते, बाजारात भाजीला भाव असतो. मग मनात येतं, यंदा एकरभर भेंडी करू, शिवाय थोडी काकडी आणि टोमॅटोही लावू. बियाणं आणतो, खत आणतो, प्रसंगी त्यासाठी उसनवारी करतो. एप्रिल उजाडला की विहीर तळाला जाते आणि फुलावर आलेलं पीक डोळ्यांदेखत वाळतं. त्याच वेळी गोठ्यातली जनावरंही पाण्याकडे तोंड करून उभी असतात. म्हणून आज देशावरच्या, म्हणजे कोरड्या हवेच्या भागातल्या उन्हाळी भाजीपाल्याबद्दल बोलताना सुरुवात बियाण्यापासून न करता पाण्यापासून करू या.

पाणी मोजायला यंत्र लागत नाही. पंप बंद केल्यावर दोराला दगड बांधून विहिरीतल्या पाण्याची खोली मोजा. दुसऱ्या दिवशी पंप सुरू करण्यापूर्वी पुन्हा मोजा. जेवढे फूट पाणी वाढलं, तेवढी विहिरीची एका दिवसाची कमाई. २० फूट व्यासाच्या गोल विहिरीत एक फूट पाणी म्हणजे सुमारे ८,९०० लिटर होतं. आता खर्चाची बाजू पाहा. एक गुंठा जमीन ५ सेंटिमीटर पाण्याने भिजवायची, तर सुमारे ५,००० लिटर पाणी लागतं. भर उन्हाळ्यात अशी पाळी साधारण पाच दिवसांनी द्यावी लागते.

समजा, तुमच्या विहिरीला फेब्रुवारीत दिवसाला ६ फूट पाणी येतं. पाच दिवसांचं झालं २ लाख ६७ हजार लिटर. म्हणजे ५३ गुंठे भिजतील, असं कागदावर दिसतं. फसगत होते ती इथेच. एप्रिलअखेर तीच विहीर ३ फुटांवर आली आणि मे महिन्यात दीड फुटावर आली, तर? दीड फूट म्हणजे दिवसाला सुमारे १३,००० लिटर. त्यातले १,००० लिटर घराला आणि गुराढोरांना बाजूला काढा. उरलेल्या १२,००० लिटरमध्ये पाच दिवसांच्या पाळीने १२ गुंठे भिजतात. पाटात मुरणारं पाणी वजा केलं, की हाती राहतात १० गुंठे. याच हिशेबाने एप्रिलअखेर २० गुंठे भागतात.

तेव्हा या विहिरीवर एकूण लागवड २० गुंठेच धरायची. त्यातली १० गुंठे एप्रिलअखेर रिकामी होतील अशी पिकं घ्यायची आणि मे महिन्यात फक्त १० गुंठे उभी ठेवायची. तुमच्या विहिरीचे आकडे वेगळे असतील, पण रीत हीच. मे महिन्यात विहिरीला किती पाणी येतं, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आणि रोज पाणी शेंदणाऱ्या बायाबापड्यांना पक्कं ठाऊक असतं. त्यांना विचारा.

आता पिकांची निवड. ऊन सोसण्याच्या दृष्टीने भाज्यांचे तीन गट पाडता येतील. गवार, चवळी, भेंडी, वांगी आणि ढेमसं ही काटक. त्यातही गवार सगळ्यांत कमी पाण्यावर तग धरते. दुसरा गट वेलवर्गीयांचा, म्हणजे काकडी, दुधी, दोडका, कारली. ऊन यांना चालतं, पण पाण्याचा ताण चालत नाही. ताण पडला की काकडी कडू होते, फळं वाकडी होतात. तिसरा गट नाजूक. टोमॅटोचं दिवसाचं तापमान ३५ अंशांच्या वर गेलं आणि रात्रही उष्ण राहिली, की फूल गळतं. मिरचीचंही तसंच होतं. कोबी-फ्लॉवरच्या वाटेला तर या दिवसांत देशावर जाऊच नये. ज्याला टोमॅटो करायचाच आहे, त्याने रोपं अशा बेताने लावावीत की कडक ऊन सुरू होण्याआधी बहुतेक फळ धरलेलं असेल.

म्हणून आपल्या २० गुंठ्यांची आखणी अशी करता येईल. लवकर संपणाऱ्या १० गुंठ्यांत भेंडी आणि काकडी. जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात पेरली, तर काकडी दीड-पावणेदोन महिन्यांत तोड्याला येते आणि भेंडीही ५०-५५ दिवसांत सुरू होते. एप्रिलअखेर दोन्ही आटोपतात. मेपर्यंत न्यायच्या १० गुंठ्यांत ४ गुंठे गवार, ३ गुंठे वांगी, ३ गुंठे कारली-दोडका. सगळी भेंडी एकाच दिवशी पेरू नका. पंधरा दिवसांच्या अंतराने दोन हप्ते केले, तर माल एकदम निघून भाव पडण्याची भीती कमी होते. मात्र मार्चचा मध्य उलटल्यावर पेरणी करू नये. उष्णतेने वेलांवर नर फुलं जास्त आणि मादी फुलं कमी येतात. शिवाय पांढरी माशी वाढून भेंडीवर केवड्याचा जोर होतो.

बियाण्याच्या बाबतीत, भेंडीसाठी परभणी क्रांती किंवा अर्का अनामिका, गवारीसाठी पुसा नवबहार, काकडीसाठी हिमांगी किंवा पूना खिरा, कारल्यासाठी फुले ग्रीन गोल्ड ही वाणं आपल्याकडे परिचयाची आहेत. पिशवीवरची चाचणीची तारीख वाचल्याशिवाय बी घेऊ नका आणि पावती जपून ठेवा.

पेरणी कोरड्यात करून वरून पाणी सोडू नका. आधी सऱ्या भिजवा, वाफसा येऊ द्या, मग बी टोका. भेंडीचं बी रात्रभर पाण्यात भिजवावं. कारल्या-दोडक्याचं कवच जाड असतं, ते भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावं. कोंब दिसू लागला की टोकावं. वेलांची मुळं दुखावलेली त्यांना सोसत नाहीत. रोपं करायचीच असतील तर लहान पिशव्यांत करा आणि दोन पानांवर असताना मातीच्या गड्ड्यासकट लावा.

वांग्याची रोपं चार ते सहा आठवड्यांची, बोटभर जाडीपेक्षा बारीक आणि टणक असावीत. लुसलुशीत उंच रोप उन्हात मान टाकतं. उपटण्याआधी चार-पाच दिवस गादीवाफ्याचं पाणी कमी करा, म्हणजे रोप काटक होतं. उपटण्याच्या आदल्या दिवशी मात्र वाफा भिजवा, मुळं तुटणार नाहीत. लावणी दुपारी चारनंतर, ओल्या सरीत करावी. सऱ्या पूर्व-पश्चिम असतील, तर रोप वरंब्याच्या उत्तरेच्या बगलेत लावा. सुरुवातीच्या दिवसांत तेवढीच सावली मिळते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आंबवणीचं हलकं पाणी द्या आणि आठ-दहा दिवसांच्या आत नांग्या भरून घ्या.

शेणखत पूर्ण कुजलेलंच वापरा. कच्च्या खताने हुमणी आणि वाळवीला आमंत्रण मिळतं. युरिया कोरड्या जमिनीत टाकू नये, ओलीवर आणि दोन-तीन हप्त्यांत द्यावा.

पाणी वाचवायचे चार उपाय आहेत. पहिला, पाणी पहाटे किंवा संध्याकाळी द्या. दुसरा, रोपांच्या बुडाशी उसाचं पाचट किंवा वाळलेलं गवत चार बोटं जाड पसरा. वाळवीवर मात्र नजर ठेवा. तिसरा, पश्चिमेच्या कडेला मक्याच्या किंवा शेवरीच्या दोन ओळी दाट पेरा, म्हणजे दुपारचा झळीचा वारा अडतो. चौथा, पाणी कमी पडलं तर एक आड एक सरी भिजवा. ठिबक संच असेल तर पाटात मुरणारं पाणी वाचतं. पण ते वाचलं म्हणून क्षेत्र वाढवू नका, ते मे महिन्यासाठी राखा. कारल्याच्या मांडवाखाली एखादा वाफा कोथिंबिरीचा करा. सावलीत ती लवकर फुलावर जात नाही आणि वेगळं पाणीही लागत नाही.

विहिरीत भाऊबंदांचा हिस्सा असेल आणि पाळी आठ दिवसांनी येत असेल, तर काकडी-दोडक्याच्या फंदात पडू नका. गवार आणि वांगी घ्या, तीही भारी जमिनीत आणि आच्छादन करून.

किडीसाठी सुरुवातीपासून पाच टक्के निंबोळी अर्क फवारा. काकडी-कारल्याची फुलं सकाळी उमलतात आणि मधमाश्या तेव्हाच येतात, म्हणून फवारणी संध्याकाळीच करावी. वेलांवर भुरी दिसली तरी कडक उन्हात गंधकाची भुकटी मारू नका, पानं करपतात. औषध फवारल्यावर त्याच्या वेष्टनावर सांगितलेले दिवस जाऊ द्या, मगच तोडा करा. ती भाजी कुणाच्या तरी घरी लेकरांच्या ताटात जाणार असते.

शेवटची गोष्ट. हिशेब करूनही एखाद्या वर्षी पाणी लवकर आटतं. तेव्हा कोणत्या तुकड्याचं पाणी आधी तोडायचं, हे आजच, डोकं थंड असताना, घरात बसून ठरवा आणि कागदावर लिहा. आधी उतरतीला लागलेली भेंडी, मग जुने झालेले वेल. वांगी शेवटपर्यंत राखा. त्यांची छाटणी करून जेमतेम पाण्यावर जगवली, तर पावसाळ्यात पुन्हा फुटतात. गवार आपली आपण तग धरते. सगळ्याच पिकांना घोट-घोट पाणी पाजत बसलं, तर एकही हाती लागत नाही. आणि जनावरांच्या हिश्श्याचे जे १,००० लिटर बाजूला काढले, त्यांना भाव कितीही चढला तरी हात लावायचा नाही.

तेव्हा मंडळी, उद्या सकाळी दोर आणि दगड घेऊन विहिरीवर जा. बियाण्याच्या दुकानाची वाट त्यानंतर धरा.