तुंबलेले गटार आणि आपला हक्क



गटार कोठे तुंबले, हे वरूनच कळते. ओळीने झाकणे उघडा. भरलेला मॅनहोल आणि त्यापुढील कोरडा मॅनहोल यांच्या दरम्यान अडथळा असतो. तो लांब सळ्यांनी अथवा पाण्याच्या दाबाने निघतो. मग माणसाने आत का उतरावे? तेथील हायड्रोजन सल्फाइड वायू फार वाढला की त्याचा वासही कळेनासा होतो.

संरक्षक साधनांवाचून माणसाला गटारात उतरविणे हा सन २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. गटारात मृत्यू आल्यास वारसांना ३० लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ रोजी फर्माविले. परंतु भरपाईने बाप परत येत नाही. मुकादम ‘उतर’ म्हणेल, तेव्हा निर्भयपणे ‘नाही’ म्हणा!