फुलपाखराला फूल पुरत नाही



या व्याख्यानाची पत्रिका छापून आली तेव्हा एक मित्र म्हणाला, "मालवणात फुलपाखरांवर बोलणार? माशांवर बोला, गर्दी होईल." तरी तुम्ही आलात, त्यामुळे पैज तो हरला आणि त्याला परवा बांगडे आणावे लागणार आहेत.

सुरुवात माझ्याच एका चुकीने करतो. काही वर्षांपूर्वी आपल्याच जिल्ह्यातल्या एका सेवाभावी क्लबने शाळेच्या आवारात फुलपाखरू उद्यान केलं. क्लबचं नाव सांगत नाही, मंडळी चांगली आहेत. रक्तदान शिबिरं, मोतीबिंदू तपासणी, वह्यावाटप, सगळं मनापासून करतात. उद्घाटनाला प्रमुख पाहुणा मी. झिनिया, झेंडू, सदाफुली, कडेला हौसेने लावलेली चार लिंबाची रोपं आणि उद्यानाहून जरा मोठी पाटी. मी फुलपाखरांच्या रंगांवर अर्धा तास बोललो, टाळ्या घेतल्या आणि घरी आलो. गणपतीनंतर तिथल्या शिपायाचा निरोप आला, "मास्तरांनू, लिंबीक कीड लागली हा, फवारूक व्हयी." मी पोचलो तोवर फवारून झालं होतं. पानांखाली मेलेल्या अळ्या पडल्या होत्या. ज्यांच्यासाठी उद्यान केलं तीच ती फुलपाखरं. शिपायाचा दोष नाही. अळी म्हणजेच फुलपाखरू, हे सांगायचं काम माझं होतं आणि मी रंगांवर बोललो होतो.

फूल हा फुलपाखराचा चहा आहे. जेवण पानात असतं आणि ते जेवण अळी करते. त्यातही तिचे हट्ट फार. रुईवरची अळी कढीपत्त्याला तोंड लावत नाही. आपल्या दारच्या कढीपत्त्याकडे भादव्यात जरा वाकून बघा. कोवळ्या पानावर चिमणीची शीट पडल्यासारखं काही दिसेल. ती अळी. पक्ष्याला शीट वाटावी म्हणून हे सोंग. मोठी झाली की हिरवीगार होते. काडीने डिवचा, डोक्यामागून दुतोंडी शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. महिनाभरात तिचं काळं फुलपाखरू होतं, ते कॉमन मॉरमॉन. तिचंच मोठं भावंड ब्लू मॉरमॉन. महाराष्ट्राने 2015 साली त्याला राज्य फुलपाखरू केलं. असं करणारं हे देशातलं पहिलं राज्य. राणी पाकोळीही म्हणतात त्याला. त्याची अळी माकडलिंबावर वाढते, आणि ते झुडूप आपल्या राईत, गडग्याच्या कडेला आपसूक येतं. आपण साफसफाईच्या नावाखाली ते कोयत्याने तोडतो आणि मग नर्सरीतून शोभेचं झाड विकत आणतो.

बांडगुळाचं सांगितलं की बागायतदार माझ्यावर रागावतात. हळदीकुंकू नावाचं पिवळ्या-लाल ठिपक्यांचं देखणं फुलपाखरू बांडगुळावरच अंडी घालतं. हापूसच्या कलमावरचं बांडगूळ काढा, पोटाचा प्रश्न आहे. पण राईतल्या रायवळावर एखादं राहिलं तर काय बिघडतं? ईश्वरीच्या वेलाचंही तेच. सदर्न बर्डविंग हे आपल्याकडचं सर्वांत मोठं फुलपाखरू त्या वेलीच्या कुळावर जगतं. वेल गेला की तेही गेलं.

आता रोटरीसारख्या सेवाभावी क्लबांकडे येतो. या मंडळींचं वर्ष 1 जुलैला सुरू होतं, ऐन पावसात. नवा अध्यक्ष, नवी टीम, पहिला कार्यक्रम वृक्षारोपण. फोटो येतो. पुढच्या जुलैत नवा अध्यक्ष नव्या खड्ड्यात नवं रोप लावतो. जुनं जगलं का, हे विचारणारा कोणी नसतो. थट्टा करतो आहे असं समजू नका. याच रोटरीने 1985 साली पोलिओचं काम हाती घेतलं. दरवर्षी अध्यक्ष बदलले, काम बदललं नाही. सरकारी यंत्रणेच्या, जागतिक आरोग्य संघटनेच्या खांद्याला खांदा लावून ते चाललं आणि 27 मार्च 2014 रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं. म्हणजे चिकाटी या मंडळींच्या अंगात आहे. 2021 पासून पर्यावरणही रोटरीच्या अधिकृत कामांमध्ये आलं आहे. तेव्हा सबब उरली नाही.

नीट केलेलं उद्यान बघायचं असेल तर ठाण्याजवळ ओवळ्याला जा. राजेंद्र ओवळेकरांनी घरच्या जमिनीवर फुलपाखरू उद्यान उभं केलं, ते अळीच्या झाडांपासून. इतकं लांब कशाला, आंबोलीच्या पायथ्याचं पारपोली आपल्याच जिल्ह्यातलं. फुलपाखरांचं गाव म्हणून ते नावारूपाला आलं, वनखातं आणि गावकरी दोघांच्या मेहनतीने. तिथे पर्यटक जंगल बघायला जातात, कारंजं बघायला नाही.

मालवणच्या सड्यावर मात्र कोणी उद्यान करू नये. पाऊस सरला की खुळखुळ्याच्या वाळत्या फांद्यांना निळसर ठिपक्यांचे ब्लू टायगर झुंबडीने लटकलेले असतात. त्या झाडातला कडू रस नरांना मादीला भुलवायच्या गंधासाठी लागतो. तिथे लावायचं काही नाही, फक्त वणवा लावायचा नाही. क्लबांना हे काम जड जाईल, कारण न लावलेल्या वणव्याचं उद्घाटन करता येत नाही.

बाहेर दाराशी कढीपत्त्याची आणि माकडलिंबाची रोपं पिशव्यांत ठेवली आहेत. एका घराला एक, फुकट. पाट्या आणलेल्या नाहीत. भादव्यात पानं कुरतडलेली दिसली तर फवारणीचा पंप काढू नका, मला फोन करा.