सहा टन पाण्यातले एक किलो



चेन्नईच्या अड्यारला उभे राहून हायड्रोजनवर बोलायचे, तर एक गोष्ट आधी हातावेगळी करतो. इथल्याच थिऑसॉफिकल सोसायटीच्या ॲनी बेझंट आणि लेडबीटर यांनी दिव्यदृष्टीने हायड्रोजनचा अणू पाहिला आणि त्यात १८ मूलकण मोजले, असे त्यांचे म्हणणे. १९०८ साली ‘ऑकल्ट केमिस्ट्री’ हे पुस्तकही निघाले. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका नको. पण त्यांतला एकही कण वेगळा काढून कोणी दुसऱ्याच्या हाती दिला नाही. उलट हॅरल्ड युरींनी १९३१ मध्ये ड्यूटेरियम हा हायड्रोजनचा जड समस्थानिक शोधला, तेव्हा वर्णपटातली एक फिकट रेषा नीट दिसावी म्हणून आधी काही लिटर द्रव हायड्रोजन उडवून तळाशी उरलेला अंश घ्यावा लागला होता. रेणूंमध्ये हायड्रोजन आणि ड्यूटेरियम यांची अदलाबदल होते, त्या विनिमय अभिक्रियांवरचे आपले संशोधन मात्र बहुधा वेगस्थिरांकापाशी थांबते. निष्कर्षणाचा, म्हणजे पदार्थ प्रत्यक्ष वेगळा काढण्याचा, विचार न केलेले असे संशोधन मला अपुरे वाटते, आणि त्यावरून केलेली अभिक्रियेची निवड फसवी.

साध्या पाण्यात ड्यूटेरियमचे प्रमाण दशलक्षात सुमारे १५०. म्हणजे ६ टन पाण्यातला सगळा ड्यूटेरियम हाती आला, तर १ किलो जड पाणी, म्हणजे ड्यूटेरियमचे पाणी, मिळेल. सगळा अर्थातच येत नाही. कोटा आणि मणुगुरूच्या कारखान्यांत हायड्रोजन सल्फाइड आणि पाणी यांच्यात विनिमय होतो. सुमारे ३० अंशांच्या थंड मनोऱ्यात ड्यूटेरियम पाण्याकडे जास्त ओढला जातो, १३० अंशांच्या गरम मनोऱ्यात ती ओढ कमी होते. या फरकावरच सारा खेळ. ही ओढ मोजणारा विलगीकरण गुणांक थंडीत २.३, उष्णतेत १.८, म्हणून पाण्यातला जेमतेम पाचवा हिस्सा सुटतो. किलोमागे तीसेक टन पाणी, आणि भोवती अतिविषारी वायू. अमोनिया आणि हायड्रोजन यांच्या विनिमयाचा गुणांक याहून बराच मोठा. नुसता आकडा पाहिला, तर कोणता मार्ग चांगला हा वाद तिथेच मिटायला हवा.

तो मिटत नाही. अलिबागजवळच्या थळला १९८७ साली सुरू झालेला जड पाण्याचा कारखाना अमोनियाचाच मार्ग वापरतो. हा विनिमय आपणहून होत नाही. द्रव अमोनियात विरघळवलेले पोटॅशियम अमाइड उत्प्रेरक म्हणून लागते. अमाइडला ओलावा चालत नाही, ऑक्सिजन चालत नाही, कार्बन मोनॉक्साइडही चालत नाही, आणि वायू येतो तो शेजारच्या खत कारखान्यातून. त्यामुळे शुद्धीकरण हे प्रक्रियेचे हृदयच ठरते. शिवाय खत कारखाना बंद तर जड पाणीही बंद. बडोद्याच्या कारखान्यात तर पुढे ड्यूटेरियमसाठी पाण्याकडेच वळावे लागले : पाण्यातून आधी अमोनियात आणि तिथून पुढे.

यावर कोणी म्हणेल, ही अभियांत्रिकी झाली, रसायनशास्त्रज्ञाचा यात काय संबंध? अमाइड कोणत्या अशुद्धीने, किती प्रमाणात आणि कोणत्या वेगाने मरते, हा प्रश्न रसायनशास्त्राचा नसेल तर कोणाचा? दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : मग अमोनियाचा मार्ग निवडणे चूकच होते का? मला तसे वाटत नाही. याच कारखान्यांच्या बळावर देश जड पाण्यात स्वयंपूर्ण झाला, दक्षिण कोरियाला निर्यातही झाली. निवड योग्यच होती. पण तिची खरी किंमत गुणांकात दिसत नव्हती, ती शेजाऱ्याच्या वायूत दडलेली होती. जड पाणी बनवणारी हीच माणसे पुढे तालचेरला ट्रायब्युटिल फॉस्फेट हे द्रावक बनवू लागली, ज्याने वापरलेल्या अणुइंधनातून युरेनियम आणि प्लुटोनियम काढतात. विनिमय आणि निष्कर्षण ही दोन खाती आपल्या अभ्यासक्रमातच वेगळी, कारखान्यात नाहीत.

इथून जवळच कल्पाक्कमच्या अणुभट्ट्यांत हेच जड पाणी फिरते आणि न्यूट्रॉन शोषून त्यात ट्रिटियम साचत जातो. तो काढण्याचा एक मार्ग म्हणजे पाणी आणि हायड्रोजन यांच्यातला विनिमय. त्याला प्लॅटिनम लागते, आणि प्लॅटिनम भिजले की निकामी. म्हणून त्यावर पाणी न धरणारा थर द्यावा लागतो. या उत्प्रेरकांवर आपल्याकडे कोणी निबंध लिहील, तेव्हा पहिल्या तासाच्या क्रियाशीलतेचा आलेख जरूर द्यावा. सोबत तो थर किती दिवस टिकला आणि कशाने गेला, तेही त्याच पानावर यावे.