वेदना आणि झीज

उतारवयात गुडघा दुखू लागला की मनुष्याचे सारे लक्ष वेदनेकडे लागते. एक गोळी घ्यावी, दुखणे ओसरावे आणि जिना चढता यावा, एवढीच त्याची अपेक्षा असते. ती बहुधा पुरीही होते. परंतु दुखणे थांबले म्हणजे सांधा सुधारला, हा समज मात्र खरा नव्हे.

सांध्यात हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते. त्यात रक्तवाहिन्या नसतात, मज्जातंतूही नसतात. म्हणून त्याची झीज सहसा भरून येत नाही आणि झिजताना ते स्वतः दुखतही नाही. दुखते ते खालचे हाड, सांध्याचे अस्तर आणि भोवतालचे बंध.

दाहशामक औषधांतील अ‍ॅस्पिरिन १८९९ पासून प्रचारात आहे. पण तिच्या कार्याचे रहस्य १९७१ मध्ये जॉन व्हेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने उलगडले. शरीरात निर्माण होणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये दाह आणि वेदना वाढवितात. त्यांची निर्मिती ही औषधे रोखतात. या शोधाबद्दल व्हेन हे १९८२ च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले. मात्र हीच द्रव्ये जठराच्या अस्तराचे रक्षण करतात आणि मूत्रपिंडांचा रक्तप्रवाह सांभाळतात. दीर्घकाळ गोळ्या घेणाऱ्यांना जठरव्रण किंवा मूत्रपिंडाचे विकार जडतात, त्याचे कारण हेच.

आणि खुद्द सांध्याचे काय? ब्रिटनमधील एक पाहणी १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. इंडोमेथासिन घेणाऱ्या ८५ रुग्णांपैकी ४० जणांच्या गुडघ्यांतील झीज क्ष-किरण चित्रांत वाढलेली दिसली. औषधविरहित गोळ्या घेणाऱ्या ८२ जणांत ही संख्या १९ होती. हा निष्कर्ष एका औषधापुरता आहे. तो सर्वांना सरसकट लावता येणार नाही. याची दोन कारणे संभवतात. औषध कूर्चेच्या पेशींवर परिणाम करीत असेल, किंवा वेदनेचा धाक सुटल्यामुळे झिजल्या सांध्यावर अधिक भार पडत असेल.

मग औषध वर्ज्य करावे काय? तसेही नाही. असह्य वेदनेने मनुष्य अंथरुणाला खिळला, तर मांडीचे स्नायू दुबळे होतात आणि गुडघ्याचा आधारच जातो. गुडघ्यापुरते दुखणे असेल तर प्रथम वरून लावण्याचे मलम वापरून पाहावे. गोळी लागलीच तर वैद्यकीय सल्ल्याने, कमीत कमी मात्रेत आणि थोडेच दिवस घ्यावी. जठरव्रण, हृदयविकार वा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी तर विशेष जपावे. शरीराचे वजन १ किलोने घटले तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे ४ किलोंनी हलका होतो. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरल्यानेही भार कमी होतो.

गोळीने मिळालेले वेदनामुक्त तास ओझी वाहण्यात न दवडता मांडीचे स्नायू बळकट करणाऱ्या व्यायामात घालविले, तर पुढे गोळीची गरजही कमी होत जाते. औषधाचा खरा उपयोग तोच होय.