संत्र्याचा सॉस आणि आपले स्वयंपाकघर

(मंडळाच्या महिला विभागाने योजलेल्या पाककला-व्याख्यानमालेतील भाषण)



सुवर्णमहोत्सवी वर्षात साहित्य, नाट्य आणि इतिहास यांच्या पंगतीत संत्र्याच्या सॉसलाही पाट मांडला गेला, याचे काहींना नवल वाटले असेल. परंतु गावापासून शेकडो कोस दूर राहणाऱ्या कुटुंबांची संस्कृती ग्रंथालयाइतकीच स्वयंपाकघरातही टिकते किंवा विरून जाते, असे आम्ही मानतो. मुले आमटीभात पानात टाकून उठतात आणि चिनी पदार्थ मात्र मिटक्या मारीत खातात, ही तक्रार आपल्या बैठकींतून वारंवार ऐकू येते. त्या तक्रारीला उपदेशाने नव्हे, तर वाटीभर सॉसने उत्तर द्यावे, असा आजचा बेत आहे.

ज्या कोलकात्यात आपण राहतो, तेथे आपल्याप्रमाणेच दूरदेशीहून आलेला चिनी समाज दोन शतकांहून अधिक काळ नांदतो आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस आलेल्या अच्यू नावाच्या चिनी गृहस्थाने बजबज परिसरात ऊस लावून साखरेचा कारखाना काढला. त्याच्या नावावरून त्या गावाला अच्छीपूर म्हणतात आणि नववर्षाच्या सुमारास चिनी मंडळी आजही तेथे जातात. पुढे टिरेटा बाजार व टांगरा येथे त्यांच्या वस्त्या झाल्या. १९६२ च्या युद्धानंतर पूर्व भारतातील अनेक चिनी कुटुंबांना राजस्थानातील देवळीच्या छावणीत राहावे लागले. कित्येकांनी नंतर देश सोडला. जे राहिले त्यांनी आपली कढई टाकली नाही, मात्र तिच्यात इथली हिरवी मिरची आणि इथला मसाला आपलेपणाने घातला. आज साऱ्या देशात ‘चायनीज’ म्हणून जे खाल्ले जाते, त्याचा एक उगम या शहरातील त्या चुलींपाशी आहे.

संत्र्याशी चिनी स्वयंपाकाचे नाते जुने आहे, पण ते प्रामुख्याने सालीचे. दक्षिण चीनमधील क्वांगतुंग प्रांतात संत्र्याची साल वाळवून वर्षानुवर्षे मुरवितात आणि रस्सा, मांस व औषध यांत वापरतात. रस आणि साखर घालून केलेला दाट, चकचकीत सॉस ही मात्र अलीकडची निर्मिती. अमेरिकेतील एका चिनी उपाहारगृह-साखळीच्या आचाऱ्याने १९८७ साली हवाई बेटांवर ‘ऑरेंज चिकन’ हा पदार्थ सिद्ध केला आणि तो जगभर गेला. म्हणजे हा सॉसदेखील परमुलखात राहणाऱ्यांनीच घडविलेला आहे.

आता त्याची घडण पाहू. गोड साखर, आंबट रस, खारट सोया सॉस, तिखट मिरची आणि सालीचा किंचित कडवटपणा, अशा पाच चवींचा हा मेळ आहे. आपल्या भगिनींना यावरून कशाची आठवण होईल, हे सांगावयास नको. चिंच, गूळ, मिरची, तीळ व दाण्याचे कूट घालून आपण जे पंचामृत करतो, त्याचेही हेच तत्त्व आहे. चिंचगुळाच्या आमटीवर वाढलेल्या जिभेला हा सॉस परका वाटण्याचे कारण नाही. ज्या गृहिणीला पंचामृताचा तोल साधतो, तिला याचाही साधेल.

बाजारातील बाटली घेण्याऐवजी तो घरी का करावा? कारण संत्र्याचा खरा जीव त्याच्या गंधात आहे, आणि तो गंध सालीतील तेलात असतो. हे तेल उष्णतेने झपाट्याने उडून जाते. दुसरी अडचण कडवटपणाची. संत्र्याच्या बिया, पांढरा पापुद्रा आणि फोडींवरील पडदे यांत लिमोनिन हे कडू द्रव्य किंवा त्याचे पूर्वरूप असते. ताजा रस गोड लागतो. पण तो काही तास ठेवला अथवा उकळला, तर आम्लामुळे त्या पूर्वरूपाचे लिमोनिन होऊन रस कडवट होतो. यावरून या सॉसचा मुख्य नियम ठरतो : पाया आधी शिजवावा आणि रस शेवटी घालावा. बंगाली भगिनी कमलालेबूची खीर करताना दूध निवल्यावरच संत्रे घालतात, तेव्हा दूध फाटू नये हा हेतू असतो. आपले कारण वेगळे, शिस्त तीच.

चार माणसांपुरते प्रमाण असे : मध्यम आकाराची ४ संत्री, साखर ३ मोठे चमचे, सोया सॉस दीड मोठा चमचा, व्हिनेगर १ मोठा चमचा, कॉर्नफ्लोअर १ मोठा चमचा, तेल १ मोठा चमचा, आल्याचा १ इंचाचा तुकडा, लसणीच्या ४ पाकळ्या आणि २ सुक्या लाल मिरच्या. सोया सॉस खारट असल्याने मीठ आधी घालू नये.

प्रथम संत्री कोमट पाण्याने चोळून धुवावीत. एका संत्र्याची साल काढून तिच्या आतील पांढरा भाग सुरीने खरवडून टाकावा. उरलेल्या केशरी सालीचे अगदी बारीक काप करून उकळत्या पाण्यात मिनिटभर ठेवावेत व निथळावेत. संत्री हाताने पिळून रस गाळावा. तो सुमारे वाटीभर निघेल. मिक्सर वापरू नये, कारण बिया व पडदे वाटले गेले की कडूपणा रसात उतरतो. रस काढण्याचे काम अगदी शेवटी, पाया चुलीवर असतानाच करावे.

पातेल्यात तेल तापवून बारीक चिरलेले आले, लसूण व मिरची मंद आचेवर परतावी. लसूण तांबूस होऊ देऊ नये. मग सालीचे निम्मे काप घालावेत. संत्र्याचे सुगंधी तेल पाण्यापेक्षा तेलातच चांगले उतरते. लगेच अर्धी वाटी पाणी, साखर, सोया सॉस व व्हिनेगर घालून उकळी आणावी. कॉर्नफ्लोअर तीन चमचे थंड पाण्यात कालवून, सतत ढवळीत, त्यात सोडावे. गरम पाण्यात कालविल्यास गुठळ्या होतात. पिठाचे कण फुगून मिनिटभरात मिश्रण चांगले घट्ट होईल. ते हवे त्याहून अधिक घट्ट वाटले तरी भिऊ नये, कारण आता ताजा रस घालावयाचा आहे. रस घालून कडेला बुडबुडे दिसू लागताच पातेले उतरवावे आणि उरलेले काप मिसळावेत. आंबट मिश्रण पुष्कळ वेळ उकळल्यास पिठाची बांधणीही सुटते आणि सॉस पुन्हा पातळ होतो. चमचा बुडवून त्याच्या पाठीवर बोट ओढावे. रेघ तशीच राहिली तर सॉस जमला.

आपली मंडळी बदल्यांच्या निमित्ताने देशभर विखुरतात, म्हणून फळांविषयी दोन शब्द. नागपुरी संत्र्यात आंबटगोडाचा मेळ उत्तम, साल सैल आणि सुवासिक. २०१४ साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. दार्जिलिंगचे, खासी टेकड्यांतील आणि कूर्गचे संत्रे त्याच कुळातले. तीही निःशंक वापरावीत. पंजाब व राजस्थानात किन्नू विपुल मिळतो. त्यात बिया फार आणि रस लवकर कडवट होतो, म्हणून तो पिळताक्षणीच वापरावा. आंध्रात मोसंबी हाती असेल, तर तिच्यात आंबटपणा कमी. एका लिंबाचा रस जोडावा आणि साखर एक चमचा कमी करावी.

हा सॉस वापरताना भाज्या आधी मोठ्या आचेवर परताव्यात. गाजर, फरसबी, ढोबळी मिरची, कोबी, पनीर अथवा कोंबडीचे तुकडे, काहीही चालेल. भाज्या धुऊन पुरत्या कोरड्या कराव्यात आणि लोखंडी कढईत थोड्या थोड्या घालाव्यात. एकदम भरल्यास त्यांना पाणी सुटून त्या परतण्याऐवजी वाफवल्या जातात. सॉस अखेरीस घालून नुसता लपेटला जाईल इतकाच ढवळावा. उद्याची सोय करावयाची असल्यास आले-लसणीचा शिजविलेला पाया तेवढा काचेच्या बरणीत भरून शीतकपाटात चार दिवस ठेवावा. रस व कॉर्नफ्लोअर मात्र आयत्या वेळीच.

शेवटी मूळ तक्रारीकडे वळू. मुलांना चिनी पदार्थ आवडतात म्हणून आपली आमटी हरली, असे आम्हांस वाटत नाही. ज्या समाजाच्या कढईतून हे पदार्थ आले, त्या समाजाने परक्या भूमीत दोनशे वर्षे स्वतःला कसे टिकविले, हे आपल्याला अधिक शिकण्याजोगे आहे. दार बंद करून ते टिकले नाहीत. त्यांनी शेजाऱ्याचे घेतले आणि आपले पुढच्या पिढीच्या हाती दिले. त्यातले घेणे आपल्याला सहज जमते. देण्याला मात्र सवड काढावी लागते. म्हणून आमची विनंती एवढीच की, ज्या रविवारी घरी संत्र्याचा सॉस कराल, त्याच दिवशी पंचामृतही करावे. संत्री मुलांकडून सोलून घ्यावीत आणि गूळही त्यांच्याच हातून चिरून घ्यावा. दोन्ही वाट्या शेजारी ठेवून त्यांना चव सांगावयास लावावे. या दोन वाट्यांतले नाते ज्याच्या जिभेला उमगेल, तो मुलगा पानातली आमटी टाकून उठणार नाही, असा आम्हांस भरवसा वाटतो.